सांडूमामांचा शाफ्ट

लेथवर शेवटचा कट घेताना सांडूमामा डोळे मिटून घ्यायचे. समोर लोखंड गरगर फिरतंय, टूल त्याची साल काढतंय, आणि हा माणूस कव्वालीला बसल्यासारखा मान डोलवतोय! चिकलठाण्याच्या आमच्या वर्कशॉपमध्ये पार्ट तपासायच्या कामावर मी नवी लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी ओरडले, "अहो मामा, डोळे!"

"गप बसा मॅडम. जॉब बोलायलाय." जॉब म्हणजे लेथवर फिरणारा तो पार्ट; त्याच्या आवाजावरून मामा कट ओळखायचे.

एकदा मी मायक्रोमीटर लावला. "मामा, अजून जाड आहे. आणखी एक कट घ्या."

मामा ढिम्म. "गरम हाय ते. काढलेलं लोखंड परत चिकटत नाय. चहा पिऊन या, मग मोजा."

चहा पिऊन आले, तर निवलेला पार्ट बरोबर मापात! तेव्हापासून मी मायक्रोमीटरच्या आधी मामांचं तोंड बघायला लागले.

शेजारच्या शेडमध्ये कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं आली आणि मालकांनी मामांचा जुना लेथ भंगारात काढायचं ठरवलं. नव्या मशिनांबद्दल मामांचं एकच मत होतं, "लई हुशार हाय, पण बहिरं हाय."

अशात ऐन हंगामात एका सकाळी गंगापूरकडच्या साखर कारखान्याची जीप दारात थांबली. मागे दोन तुकडे झालेला शाफ्ट, म्हणजे फिरणारा जाड लोखंडी दांडा. गव्हाणीतून ऊस वर ओढणारी साखळी त्याच्यावर चालायची. गाळप बंद, ट्रॅक्टरांची रांग पार रस्त्यापर्यंत. नवा शाफ्ट मागवायचा तर आठ दिवस. ड्रॉइंग कुणाकडंच नाही, आणि ड्रॉइंगशिवाय नव्या मशिनवाले हात लावेनात.

मामांनी दोन्ही तुकडे जुळवले, मापं घेतली आणि लेथ सुरू केला. निळ्या-जांभळ्या किसाची भेंडोळी पायाशी साचत गेली. डबा तसाच राहिला. दुपारी कधीतरी त्यांनी डोळे मिटले, उघडले आणि मशीन बंद केलं.

"झालं. बसवायला मी येतो. मॅडम, तुम्ही बी चला."

कारखान्यात बेअरिंग शाफ्टवरून अलगद सरकत जागेवर जाऊन बसलं. साखळी हलली, उसाची पहिली मोळी वर चढली, आणि ट्रॅक्टरवाल्यांनी असे हॉर्न वाजवले की वरातच आली! इंजिनिअरसाहेबांनी मामांना मिठी मारली. कुणीतरी फेटा बांधला. मालकांनी तर फोनवरूनच जाहीर केलं, लेथ हलणार नाही!

परतायची जीप तयार होती. मामा मात्र फेट्यासकट शाफ्टसमोर उभे. मी घाबरून जवळ गेले.

"मामा, काही चुकलंय का?"

"नाय नाय." त्यांचा आवाज एकदम हळू झाला. "पस्तीस वर्षं झाली मॅडम. पार्ट बनवायचा, पेटीत भरायचा, गाडी निघून जायची. आपण केलेलं कुठं जाऊन फिरतंय, ते कुणी कधी दाखवलंच नाय." मग जरा संकोचून म्हणाले, "पाच मिनिटं थांबू?"

आम्ही तासभर थांबलो.