मल्लिनाथकाका कर्ज काढतात

आमच्या शेजारचे मल्लिनाथकाका दाढीला बसायच्या आधी न्हाव्याला पैसे देतात. दाढीचंच नव्हे, चहाच्या आधी चहाचे, रिक्षात बसायच्या आधी रिक्षाचे. भजी अजून कढईत असतात आणि काकांची नोट गाडीवाल्याच्या हातात असते. "आधी घ्या, मग बाकीचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा न्हाव्याने पैसे घेतले, एका गालाची दाढी केली आणि फोन आला म्हणून जो गेला तो अर्ध्या तासाने परतला. काका तोंडाला अर्धा फेस घेऊन बाकावर बसून होते. कॉलेजातून येताना मी विचारलं, "काका, तोंड धुऊन दुसरीकडे जायचं ना?"

"बसू दे की. त्याच्याकडं आपलं येणं हाय, आपल्याकडं कुणाचं न्हाय. लई निवांत वाटतं बग."

मी केम गावची. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली पहिलीच. सोलापुरात आत्याकडे राहून बी.कॉम. करते. आत्याची खोली आणि काकांची खोली यांच्यामध्ये एकच भिंत आहे. काका आणि महानंदाकाकू अक्कलकोटकडचे. एरवी मराठी बोलतात, पण भांडायचं झालं की कन्नड सुरू करतात, म्हणजे शेजाऱ्यांना कळू नये. माझ्या आत्याला कन्नड येतं हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

काकांचा पूर्वी टॉवेलचा कारखाना होता. आठ माग होते. माल उधारीवर गेला, पैसे परत आले नाहीत, सुताची देणी वाढत गेली आणि शेवटी कोर्टाने त्यांना नादार ठरवलं. काही वर्षांनी त्यातून मोकळं केल्याचा कागदही कोर्टाने दिला. तो काकांनी लॅमिनेट करून ठेवला आहे. आता ते दुसऱ्याच्या कारखान्यात बिघडलेले माग दुरुस्त करतात. काकू एका शाळेत शिपाई आहेत.

दीड वर्षापूर्वी काकांनी मनात घेतलं की काकूंसाठी घर घ्यायचं. अक्कलकोट रोडला दोन खोल्यांचा एक फ्लॅट त्यांनी पाहून ठेवला. काकूंच्या एकट्या पगारावर तेवढं कर्ज मिळेना, म्हणून दोघांच्या नावाने काढायचं काकांनी ठरवलं. मी बी.कॉम. करते म्हणजे मला बँकेचं सगळं कळतं, अशा समजुतीने काका मलाही बँकेत घेऊन गेले. आमचा तेव्हा नुसता ताळेबंद शिकवून झाला होता, आणि माझा तोही जुळत नव्हता.

कर्जाचं बघणाऱ्या मॅडमसमोर खुर्चीवर टेकायच्या आत काका म्हणाले, "आधी सांगतो मॅडम, मी बुडालेला माणूस हाय." आणि लॅमिनेट केलेला कागद टेबलावर ठेवला.

मॅडमनी कागद वाचला, संगणकात बराच वेळ पाहिलं. "ते जुनं झालं, काका. अडचण वेगळीच आहे. त्यानंतर तुम्ही कुणाकडून एक रुपयाही घेतलेला दिसत नाही."

"न्हायच की!" काका ताठ बसले.

"म्हणूनच तुम्ही परत करता की नाही, हे आम्हाला कळायला मार्ग नाही. एखादी लहान वस्तू हप्त्यावर घ्या, वर्षभर वेळेवर फेडा आणि मग या."

बाहेर पायरीवर काका थांबले. "म्हंजे मी इमानदार हाय हे दाखवायला मी आधी कर्ज काढायचं?"

"हो काका."

"तुमच्या कॉलेजात ह्येच शिकवत्यात व्हय?"

काकांनी हप्त्यावर मिक्सर घेतला. दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी दुकानात जाऊन त्यांनी सगळे पैसे एकदम भरून टाकले. पहिला हप्ता यायच्या आतच कर्ज संपलं. मॅडमनी कपाळाला हात लावला. "काका, जरा सावकाश फेडा हो."

मग फ्रिज घेतला, बारा हप्त्यांचा. या वेळी काकूंनी दुकानाची पावती स्वतःच्या ट्रंकेत घालून कुलूप लावलं. तरी काकांनी फ्रिजवर टॉवेल पांघरला आणि दार उघडू देईनात. "अजून आपला न्हाय त्यो. परक्याच्या वस्तूत आपलं दूध ठिवायचं?" सोलापूरचा उन्हाळा तोंडावर आलेला. शेवटी काकूंनीच तोड काढली. तीन हप्ते फिटले, म्हणजे एक कप्पा आपला झाला. काकांना हे पटलं. तीन हप्त्यांनंतर खालचा कप्पा उघडला, सहानंतर मधला. बर्फाची पाळी शेवटच्या हप्त्याला आली, तोवर आम्ही सगळे स्वेटर घालून हिंडत होतो.

काका मला घेऊन पुन्हा बँकेत गेले. या वेळी मॅडमनी हसून कागदांचा गठ्ठाच हातात दिला. सगळं जमलं होतं. फक्त काकूंच्या सह्या राहिल्या होत्या. गठ्ठा सोमवारपर्यंत परत गेला नाही तर फ्लॅट दुसऱ्याला जाणार होता.

त्या दिवसापासून काका गप्प झाले. मला कारण कळेना. मग आत्याने सांगितलं, तिने भिंतीतून ऐकलेलं. काकूंना त्यांच्या वडिलांनी एक लहानसं घर दिलं होतं, काकूंच्या नावावर. कारखाना बुडायला लागला तेव्हा काकांनी ते गहाण टाकलं. सही घेताना काकूंना सांगितलं, "लाइटच्या मीटरचं हाय." काकूंनी सहा ठिकाणी सह्या केल्या. घर लिलावात गेलं तेव्हा त्यांना कळलं. तेव्हापासून काकू वाचून घेतल्याशिवाय कशावरही सही करत नाहीत. शाळेत पगाराच्या रजिस्टरवरसुद्धा आधी क्लार्कला महिना वाचून दाखवावा लागतो. आणि या नव्या घराबद्दल एवढ्या दिवसांत त्या हो म्हणाल्या नव्हत्या, नाहीही म्हणाल्या नव्हत्या.

रविवारी दुपारी काकूंनी मला बोलावलं. सतरंजी टाकली. "वाच पोरी. पयल्यापास्नं."

कागद इंग्रजीत होते. मी अडखळत एकेक ओळ मराठीत सांगत गेले. काका उंबऱ्यावर आमच्याकडे पाठ करून बसले होते. करारनामा आला. "काकू, घर तुमच्या एकटीच्या नावावर आहे. काकांचं नाव फक्त कर्जात आहे."

काकूंनी एकदा त्या पाठीकडे पाहिलं. "पुढं."

पुढे विम्याचा कागद होता. कर्जदार वारला तर त्याच्या वाट्याचं कर्ज विमा कंपनी फेडणार. काकांचा वाटा शंभर टक्के, काकूंचा शून्य. हा फॉर्म बँकेत मीच भरला होता. मॅडम निम्मं-निम्मं करा म्हणत होत्या, ते स्वस्तही पडत होतं, पण काका ऐकेनात. त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं. लिहिताना मला काही वाटलं नव्हतं. मोठ्याने वाचताना मी तो शून्य दोनदा वाचला.

"म्हंजे ह्ये मेले की घर फुकट," काकू म्हणाल्या.

"व्हय की!" काका तिकडूनच म्हणाले. त्यांच्या आवाजात चक्क आनंद होता. "मागं एक हप्ता बी भरायला लागणार न्हाय तुला. नीट इचारून घेतलंय मी."

"आन मी आधी मेले तर?"

"तू कशाला मरतीस?"

"तुमी एकट्यानंच मरायचं ठरवलंय व्हय?" काकू माझ्याकडे वळल्या. "निम्मं माज्या नावावर लिही."

काका गर्रकन वळले. "अगं, मग माज्यामागं निम्मं कर्ज तुज्या गळ्यात यील की."

"यिऊ दे. पगार हाय मला."

"तुजं एक घर घालवलं मी. ह्ये तरी माज्या जिवावर हुंदे म्हणलं."

काकूंनी कागद जवळ ओढला. "ह्योच ना माजा शून्य?" मी हो म्हटलं. "खोड त्यो."

मी खोडला आणि दोघांपुढे पन्नास-पन्नास लिहिलं. काकू त्या आकड्यांकडे पाहत राहिल्या. मग वर न बघताच म्हणाल्या, "घर गेलं त्येचं न्हाय वाटलं मला. खरं सांगितलं असतं, तरी सही केली असती मी तवा."



काकूंनी एकेक पान उलटत सगळ्या सह्या केल्या. खाडाखोड केली तिथे दोघांच्या सह्या लागतात, असं मी भीत भीत सांगितलं. काका उठून आत आले, सतरंजीच्या कडेला बसले. पण त्यांचा हात काही पुढे येईना. काकूंनी त्यांच्या बोटांत पेन धरवलं आणि कागद हलू नये म्हणून दोन्ही हातांनी दाबून धरला.