धुराचा वारसा

ओड्वार त्वेइत शिडीवर उभा राहून स्वतःच्याच घराची भिंत हुंगत होता.

"काय चाललंय तुझं?" खिडकीतून गुन्वोरनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, विचारलं.

"तुला वास येतोय का गं?"

"कसला?"

त्यानं पुन्हा फळीला नाक लावलं. ‘धूर’ हा शब्द त्यांच्या गल्लीत कोणी मोठ्यानं उच्चारत नसे. हेस्नेसुंडच्या बंदरावरच्या या चढणीला सगळी घरं लाकडाची आणि एकमेकांना इतकी खेटलेली, की एका घरातल्या शिंकेनं दुसऱ्या घरातल्या कपबश्या वाजाव्यात. आजोबांच्या काळात एका रंगाऱ्याच्या, रंग जाळून काढायच्या दिव्यानं अर्धं गाव गिळलं होतं. तेव्हापासून जुना रंग काढायचा तो पात्यानं खरवडून, आच अजिबात लावायची नाही, असा गल्लीचा नियम होता. तो पाळला जातो की नाही हे पाहायला आस्लाउगबाई होत्या. ऐंशी ओलांडलेल्या या निवृत्त मुख्याध्यापिका अगदी शेजारीच राहत. ओड्वारला पाढे त्यांनीच शिकवले होते. साठी उलटली तरी बाई दिसल्या की त्याचे हात आपसूक खिशातून बाहेर येत.

आज सकाळी ओड्वारनं तो नियम मोडला होता.

दुपारनंतर नगरपालिकेचा वारसा अधिकारी येणार होता. तो ज्या घरांना जतनाचा दर्जा देईल ती वाचणार होती. बाकीच्यांवर बंदरात येऊ घातलेल्या हॉटेलाचा डोळा होता. आणि ओड्वारच्या दर्शनी भिंतीवर, तरुणपणी त्यानंच हौसेनं चढवलेला, चकचकीत प्लास्टिकचा रंग होता. खरवडून तो निघेना, म्हणून त्यानं मेहुण्याची, तापलेली हवा फेकणारी हीट गन आणली आणि रंग भराभर सोलून काढला. गन परत करून तो आला, तर हवेत धुराचा बारीक वास.

"फळीमागे लाकडाचा भुसा आहे," तो कुजबुजला. "एखादी ठिणगी आत गेली असली, तर तासन् तास धुमसत राहील."

"मग बंबाला फोन कर!"

"ते कुऱ्हाडी घेऊन येतील. अधिकाऱ्याला पाहायला काय उरेल मग? शिवाय बाईंना कळेल."

"घर जळलं तर बाईंना कळणार नाही वाटतं?"

ओड्वारनं पहार आणली. पहिली फळी कर्रकन् निघाली. मागचा भुसा थंडगार होता. वास मात्र वाढला. त्यानं दुसरी काढली, मग तिसरी. मग खिडकीची नक्षीदार चौकट. प्रत्येक ठिकाणी तो हात आत घालून चाचपडे. बघता बघता भिंतीचे आतले ओंडके उघडे पडले. एवढी ठोकाठोक झाली तरी आस्लाउगबाईंचा पडदा हलला नव्हता. एरवी एक खिळा ठोकला तरी त्या दारात हजर होत.

"गुन्वोर, बाई कुठंयत?"

दोघांनी एकदमच वळून पाहिलं. बाईंच्या घरामागून धुराची एक बारीक रेघ वर जात होती.

आपलं घर वाचलं, हा विचार ओड्वारच्या मनात क्षणभर चमकून गेला आणि त्याची त्यालाच लाज वाटली. बाई आत असतील. त्यानं बागेतली नळी ओढली, कुंपणाचं फाटक लाथेनं उघडलं आणि दिसेल त्या दिशेनं पाणी सोडलं.

"ओड्वार! बंद कर ते!"

मागच्या भिंतीशी, स्टुलावर, एप्रन बांधलेल्या आस्लाउगबाई उभ्या होत्या. केसांतून पाणी निथळत होतं आणि हातात हीट गन होती. समोरच्या ओंडक्यांच्या फटीत वारा अडवायला कोंबलेलं, आता धुमसणारं शेवाळ त्यांनी बादलीत उपसून काढलं होतं. उरलेलं ओड्वारच्या पाण्यानं नुकतंच चुरचुरून विझलं.

"बाई, तुम्ही?"

"प्लास्टिकचा रंग," बाई पडेल आवाजात म्हणाल्या. "तुझा बघून मीही लावला होता. पाहत काय उभा राहिलास? पुढच्या फाटकाची घंटा वाजतेय!"

त्यांनी धुमसती बादली आणि गन कुंपणालगतच्या जुन्या खोपटात ढकलली आणि दार लावून त्याला पाठ टेकून उभ्या राहिल्या. अधिकारी आत आला. हेन्निंग नावाचा तो सडसडीत तरुण नाक वर करून थबकला.

"धूर येतोय?"

मागोमाग धावत आलेल्या गुन्वोरनं ओड्वारचं मनगट घट्ट धरलं. मुख्याध्यापिकेला गल्लीच्या नियमाखाली पकडलेलं पाहायची कल्पनाच त्याला सोसवेना.

"मासे!" तो ओरडला. "बाई बांगडे धुरवतात."

"हो," बाई ताठ उभ्या राहून म्हणाल्या. "आईपासूनची रीत आहे."

हेन्निंगनं अदबीनं त्यांना बाजूला सारून दार उघडलं. त्याच्या अंगावर धुराचा लोट आला. धुरापलीकडची हीट गन काही त्याला दिसली नाही. तो खोकत खोकत मागे सरला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, ते केवळ धुराचं नव्हतं.

"मासे धुरवायचं चालू खोपट! या किनाऱ्यावर मला एकही उरलेलं सापडलं नव्हतं," तो म्हणाला. मग कुंपणापलीकडचे उघडे ओंडके त्याला दिसले. "आणि तुम्ही ओंडक्यांची तपासणीही करून घेतलीत?"

"काळजी वाटली म्हणून," ओड्वार म्हणाला. यातला एकही शब्द खोटा नव्हता.

दोन्ही घरं आणि मधलं खोपट मिळून एकत्र दर्जा मिळाला. हॉटेलवाल्यांनी दुसरीकडे जागा शोधली. अट एकच होती. खोपट वापरात राहिलं पाहिजे. दर शनिवारी लोक पाहायला येतील.

म्हणून आता दर शनिवारी आस्लाउगबाई, जन्मात ज्यांनी एक बांगडा धुरवला नव्हता, काडी ओढतात. कुंपणाबाहेर पाहुणे कॅमेरे सरसावतात. दाराशी गुन्वोर बंबाचा नंबर काढून फोन हातात घेऊन बसते, आणि ओड्वार भिंतीला टेकून, हात खिशात घालून उभा असतो.

"खिशातले हात काढ, ओड्वार," बाई हळूच म्हणतात, "आणि नळी धर."