गफूरचाचांचं बरफाचं फूल

गफूरचाचांना कुठेही जाळी दिसली की ते जाळी पाहत नाहीत, भोकं पाहतात. माझ्या लग्नात शालू नेसून मी त्यांचा आशीर्वाद घ्यायला गेले, तर आशीर्वाद राहिला बाजूला, ते माझा पदर निरखत म्हणाले, "बुट्टा ठीक हाये बेटा, पन दोन बुट्ट्यांच्या मंधातली जागा वाया घालवली ना." माझ्या सासूबाई पुण्याच्या. शालू त्यांच्या पसंतीचा. त्या दिवशी त्यांनी चाचांना जे मनातून उतरवलं ते आजतागायत वर घेतलेलं नाही.

अमरावतीत आमच्या समोरचंच घर त्यांचं. गल्लीत त्यांना झालरवाले म्हणतात. गणपतीचा मांडव असो, उरूस असो की कुणाच्या मुलीचं लग्न असो, पतंगी कागदाच्या पताका आणि झालरी चाचांच्याच. कागदाची आठ पदरी घडी घालायची, कात्री चार-सहा वेळा फिरवायची आणि अलगद उलगडायचं. आम्ही मुलं शाळेतून आलो की दप्तर पाठीवर तसंच ठेवून त्यांच्या ओट्यावर बसायचो. चाचा उलगडलेला कागद उजेडात धरायचे.

"कागद पाह्यला? आता भोक पाह्य. दोन्हीनं बोललं पाह्यजे. एक बोलते अन् एक मुकं बसते, ते काम कच्चं."

आम्हाला काही कळायचं नाही, पण मान डोलवायचो. मान डोलवली की लिमलेटची गोळी मिळायची.

त्यांच्यासमोर परात घेऊन हलीमाचाची बसलेली असायची. कात्रीतून जे जे खाली पडेल ते ती परातीत झेलायची. पानं, चांदण्या, बदाम, कैऱ्या. चुकून एखादा तुकडा चाचांच्या मांडीवर राहिला तर हक्काने उचलून न्यायची. दोघांचा निकाहच जणू त्या अटीवर झाला होता. "राह्यलं ते तुमचं, पडलं ते माह्यं," असं ती म्हणायची. मग दुपारी खळ शिजवून ती कात्रणं जुन्या वह्यांमध्ये चिकटवत बसायची. तिची खळ नेहमी पातळ व्हायची आणि तुकडे चिकटता चिकटता घसरायचे. चाचा डोक्याला हात लावायचे, "मी एवढी सरळ कापतो, अन् हे पाह्य!" चाची म्हणायची, "सरळ पाह्यजे असंन तर तुमच्या झालरी पाहा, माह्या वहीत काहून डोकावता?"

मला वाटतं, आमच्या गल्लीतला सगळ्यात सुखाचा संसार तोच होता.

चार वर्षांपूर्वी चाची गेली. चाचांनी कात्री फडक्यात गुंडाळून वर फळीवर ठेवली. कोणी विचारलं तर हात पुढे करून दाखवायचे, "थरथरते. घडीत कात्री घुसवाले हात थंड पाह्यजे." हात थरथरत होता हे खरं. आम्ही सगळ्यांनी ते मान्य करून टाकलं आणि त्या वर्षीपासून गल्लीच्या मांडवाला बाजारच्या प्लास्टिकच्या माळा लागल्या. त्या पाहून चाचा मान फिरवायचे.

मी शाळेत मराठी शिकवते. ऑनलाइन शाळा होती तेव्हा घेतलेला एक टॅब माझ्याकडे नुसता पडून होता. त्यात कागदाची फुलं कापायचं एक ॲप सापडलं. पडद्यावर घडी घातलेला कागद दिसतो, बोटाने कापायचं, आणि बाजूला उलगडलेलं फूल दिसतं. मी तो टॅब चाचांना नेऊन दिला. मे महिना होता, कूलर गरम हवा फेकत होता, आणि चाचा बनियनवर बसून बर्फाची फुलं कापायला लागले. जन्मात बर्फ पाहिला तो रसवंतीवरचा.

पहिलं भांडण घड्यांवरून झालं. चाचा आयुष्यभर आठ पाकळ्या कापत आले, आणि ॲपमध्ये घड्या सहाच्या. मी समजावलं, बर्फाच्या फुलाला सहाच हात असतात.

"दोन काहून कमी?"

"तसं असतं चाचा. निसर्गच तसा आहे."

"कंजूस हाये बरफ," चाचा म्हणाले, पण ऐकलं.

दुसरं भांडण 'मागे घ्या'च्या बटणावरून. चुकीचं कापलं तर ते दाबायचं, कागद पुन्हा अख्खा होतो. चाचांनी त्या बटणाकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना परीक्षेत कॉपी पुरवत होते. "कात्री चालली म्हंजे चालली. कागदानं माफ करायचं नसते." सहा महिने त्यांनी त्याला हात लावला नाही. चुकलेली फुलं सगळी तशीच ठेवून दिली. रेघ सरळ करायची एक सोय मात्र मी गुपचूप चालू करून दिली होती. ती त्यांच्या दुसऱ्याच दिवशी लक्षात आली. "या डब्ब्याले माह्यं वय दिसलं वाटते," म्हणाले, आणि बंद कर असं काही म्हणाले नाहीत.

एक तक्रार मात्र रोजची. पडद्यावर कापलं की मधला तुकडा नाहीसा व्हायचा. चाचा टॅब उचलून खालची सतरंजी पाहायचे.

"पडलं कुठं?"

"पडत नाही चाचा, नुसतं दिसेनासं होतं."

"हे काही बरं नाई," असं म्हणून पुढचं कापायला घ्यायचे.

डिसेंबरात आमच्या शाळेचं संमेलन ठरलं. मुलांचं नाटक बर्फाच्या देशात घडणारं. मुख्याध्यापिका प्लास्टिकची तयार फुलं आणायला निघाल्या होत्या. मी म्हटलं, आमचे चाचा करतील. त्या म्हणाल्या, "गुरुवारपर्यंत हातात पाहिजेत, नाहीतर मी विकतची आणते." चाचांना सांगितलं तर त्यांनी त्या दिवशी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि मग कामाला बसले. चार वर्षांनी कोणी काम सांगितलं होतं. मला आनंद झाला आणि धास्तीही वाटली, कारण हे काम फसलं असतं तर चाचांनी टॅबही फडक्यात गुंडाळला असता.

अकोल्याला माझ्या मामेभावाचं, विजूचं, लग्नपत्रिकांचं दुकान आहे. त्याच्याकडे पडद्यावरचं चित्र खऱ्या कागदावर कापून देणारं यंत्र आहे. बुधवारी सकाळी बडनेऱ्याहून गाडी धरून आम्ही दोघं पोचलो. विजूने कागद लावला, पातं सरसर फिरलं, आणि त्याने फूल उचललं तसं ते मध्ये फाटून लोंबायला लागलं. दुसरं कापलं. तेही फाटलं.

"चाचा, यात कागद कमी, भोकंच जास्त," विजू म्हणाला. "धरून ठेवाले काही राह्यलंच नाई."

मी चकित झाले. एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत कागदाचा किती पूल ठेवायचा, हे ज्या माणसाने आम्हाला शिकवलं, तोच हे विसरला? "चाचा, भोकं लहान करा ना," मी म्हटलं.

"लहान नाई होत."

"का नाही होत?"

"नाई होत म्हणतो ना!"

मी चिडले. उद्याचा दिवस, मुख्याध्यापिका, प्लास्टिकची फुलं, सगळं ऐकवलं. चाचा दुकानाच्या स्टुलावर टॅब घेऊन बसले. मग त्यांनी ते बटण दाबलं. मागे घ्या. एक चांदणी भरली. पुन्हा दाबलं, कैरी भरली. पुन्हा दाबलं, पान भरलं. सगळ्यात आधी कापलेली एक मोगऱ्याची कळी तेवढी उरली, तेव्हा त्यांनी हात मागे घेतला.

"हे नाई भरत," ते म्हणाले. "आता काप विजू."

विजूने कापलं. साधं फूल, सहा हातांत सहा कळ्यांची भोकं. उचललं तर ताठ राहिलं. उजेडात धरलं तर कागदही बोलत होता आणि भोकही. संध्याकाळपर्यंत साठ फुलं झाली. मी आणि विजू ती मोजून खोक्यात भरत होतो, आणि चाचा खाली बसून यंत्राच्या पाट्यावरून सुटलेले बारके तुकडे वेचत होते.

"राहू द्या चाचा, तो कचरा मी झाडतो," विजू म्हणाला.

"कचरा कोणाले म्हणून राह्यला रे?"

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून पिशवी काढली. घडी घातलेली, घरून आणलेली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही सगळे फूल पाहत होतो. चाचा सहा महिने फूल काढतच नव्हते. खाली काय पडेल ते काढत होते. म्हणून भोकं लहान होत नव्हती. मघाशी मी त्यांच्यावर ओरडले याची मला फार लाज वाटली.

परतताना गाडीत ती पिशवी त्यांच्या मांडीवर होती. बडनेरा जवळ आल्यावर ते म्हणाले, "हात थरथरत होताच बेटा. पन परात घेऊन समोर कोणी बसंन तर कात्री चालवावं. पडलं ते कोणासाठी पाडू?"

शाळेचं संमेलन छान झालं. फुलं टाळ्या घेऊन गेली आणि मुख्याध्यापिकांनी चाचांचा सत्कारही केला. चाचा स्टेजवरून सबंध वेळ नारळाच्या शेंडीकडे पाहत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे गेले. चाचीची शेवटची वही काढून ठेवली होती, अर्धी कोरी. खळ मला कुठली जमायला, पातळच झाली. चाचांचा हात हलत होता म्हणून चिकटवायचं काम माझ्याकडे. पहिली कळी मी फार जपून ठेवली, तरी घसरलीच. मी ती सरळ करायला नखाने सोडवू लागले, तर चाचांनी माझा हात धरला.

"राहू दे," ते म्हणाले. "तिच्याही वाकड्याच बसत."