सात तासांवरचा मुलगा

दुपार निघणं कठीण आहे, असं डॉक्टरांनी दारापाशी हळूच सांगितलं. धाकट्याला रडू आलं, पण हायसंही वाटलं. थोरल्याने सकाळी सहालाच परदेशातून विमानात बसल्याचं फोनवर सांगितलं होतं आणि विमानाला सात तास लागतात, हे घरात सगळ्यांना पाठ होतं.

हे सात तास कंट्रोलरसाहेबांचे, म्हणजे मरणाला टेकलेल्या बाबांचे. त्यांचा जन्म बस डेपोत गेलेला. पोचायच्या वेळेतून सुटायची वेळ वजा केली की प्रवास निघतो, हा त्यांचा धर्म. थोरल्याच्या जुन्या तिकिटावर तिकडून सुटणार दहाला, इकडे उतरणार पाचला, असं होतं. तिकडे सकाळचे दहा वाजतात तेव्हा इकडे पहाटेचे तीनच वाजलेले असतात, हा प्रश्न डेपोत कधी उद्भवला नव्हता. साहेबांचा हिशेब तपासायची पद्धतही घरात नव्हती.

त्या हिशेबानेच घात केला होता. थोरला चार वर्षं फिरकला नव्हता. सात तासांवर राहून बापाला तोंड दाखवत नाही म्हणून साहेबांनी त्याच्याशी फोनवरही अबोला धरला होता. आता एकदा समोर उभं करून त्याला जाब विचारायचा, एवढ्यासाठीच जीव घुटमळत होता.

दुपारी एकला धाकटा विमानतळावर हजर. चौकशीच्या खिडकीतल्या बाईने चौदा तास सांगितले. तो तिच्याशी बराच वेळ भांडला, बाबांचा दाखला दिला. बाबा कुठे असतात, असं तिने विचारलं. बस डेपोत, म्हटल्यावर तिने मागच्या माणसाला पुढे बोलावलं.

त्याने बायकोला फोन केला. "आठ वाजतील संध्याकाळचे. बाबांना सांगू नकोस, धीर सोडतील."

सूनबाई विमानात कधी बसली नव्हती. बसमध्ये बसली होती.

"बाबा, पंक्चर झालंय," ती म्हणाली.

साहेबांनी डोळे उघडले. "स्टेपनी?"

"नव्हती."

"स्टेपनीशिवाय गाडी सोडली कोणी? मेमो द्या त्याला."

मग रस्ता खणलेला निघाला. ड्रायव्हर जेवायला उतरला तो परतलाच नाही. डिझेल संपलं. दर बिघाडाला साहेब मेमो काढत होते आणि नाडी उसळत होती. राग ओसरला की नाडीही बसायची. पाचच्या सुमारास डॉक्टरांनी सूनबाईला बाहेर बोलावलं आणि आणखी काही बिघाड शिल्लक आहे का, असं गंभीरपणे विचारलं.

नऊच्या आत थोरला बॅग घेऊन खोलीत आला आणि पलंगाशी बसला.

"लेट," साहेब म्हणाले.

"नाही बाबा. वेळेवर आलं. चौदा तास लागतात."

"सात."

"चौदा. तिकडचं घड्याळ पुढे असतं, बाबा."

साहेबांची बोटं चादरीवर काहीतरी मोजत होती. मग त्यांनी चाचपडत थोरल्याचा हात धरला.

"एवढा लांब होतास? मला वाटलं, जवळच आहेस नि येत नाहीस."

साहेबांनी मान वळवली.

"सूनबाई, सगळे मेमो रद्द करा."

यानंतर ते कधी गेले, हे नक्की कोणालाच सांगता आलं नाही. डॉक्टरांनी नाडी सोडली तेव्हा सूनबाई अजून पुढचा बिघाड आठवत उभी होती.