दस्त्यावरचा ग

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. घनश्याम कटरे होते तोवर धीर झाला नाही, आणि आता ते नाहीत.

कटरेभाऊंना पपई विकत घेताना एकदा पाहिलं असतंत, तर विसरला नसतात. पपई उलटी करून ते बुडाशी डोळे लावत. "शिक्का कुठी हाये?" गोंदियाच्या बाजारातली पपईवाली त्यांना येताना पाहिलं की टोपलीवर पोतं टाकायची. माझ्या जावयाला पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी त्याची मान वाकवून कानामागे पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाबू, माल बरा दिसून राहिला, पण कारखाना समजत नाही."

हा सगळा नोकरीचा परिणाम. मी शाळेत कारकून, ते छात्रसेनेच्या कोठीचे राखणदार. कोठीत कवायतीपुरत्या जुन्या लष्करी रायफली होत्या, नळीला भोक पाडून कायमच्या गप्प केलेल्या. भाऊ त्यांना पेन्शनर म्हणत. मुकुटाचा ठसा म्हणजे राजाच्या वेळची, बाण म्हणजे सरकारच्या मालकीची, चांदणी म्हणजे नळी आतून झिजलेली. चांदणीवालीला ते उन्हात नेऊ देत नसत. पोरं उन्हात, रायफल सावलीत.

लाकडी दस्ता मात्र ते भिंग लावून पाहत. त्यांचे वडील गणपत बिरसीहून फौजेत गेले आणि ब्रह्मदेशातून परतलेच नाहीत. भाऊ तेव्हा आईच्या पोटात. घरात फोटोसुद्धा नव्हता. आई एवढंच सांगायची की बापाला एकच अक्षर येत होतं, 'ग', आणि ते त्यानं नांगरावर, पाटावर, दारावर, एकदा तर म्हशीच्या शिंगावर कोरलं होतं. भाऊंना कळू लागेपर्यंत त्यातलं काहीच उरलं नव्हतं. मग फौजेची बंदूक तरी त्यानं कोरल्याबिगर काऊन सोडली असंल, असं भाऊंचं म्हणणं.

मला गंमत सुचली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी एका दस्त्यावर मी कंपासच्या टोकानं 'ग' कोरला, वर तेल आणि काजळी चोळली. शस्त्रपूजेत भाऊ चोरी पकडतील, मला शिव्या घालतील, आम्ही हसू. मास्तर मंडळींना सांगूनही ठेवलं होतं.

पूजेत भाऊंचं बोट तिथं थांबलं. खोटा शिक्का लांबून ओळखणारा माणूस. ते खाली बसले, अक्षराला कुंकू लावलं. हसायला जमलेले मास्तर एकेक करून बाहेर गेले.

"बाबू," ते म्हणाले, "माह्या बापाचं अक्षर मले आज दिसलं. वाकडंच होतं थे."

निवृत्तीनंतरही ते दर दसऱ्याला कोठीत येत. आपट्याचं पहिलं पान त्या रायफलीला, दुसरं मला. दरवर्षी मी वाक्य ठरवून जायचो आणि पान घेऊन परत यायचो.

शेवटी दवाखान्यात भेटलो. कोठीचं छत गळून तं नाही राहिलं, एवढंच त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो, आणि त्यांच्या पायांवरचं पांघरूण नीट करत बसलो. वाक्य लहान होतं. भाऊ, तो ग मी कोरला, मला माफ करा.