पहिल्या पाण्याची पूजा

नाना सोनवणींना सगळं जमायचं, फक्त गप्प बसणं जमायचं नाही. नाशिकबाहेर सिन्नर रस्त्याला त्यांचा साड्या रंगवायचा कारखाना. आज कोणता रंग चाललाय हे बघायला आत जायची गरज नसे. मागच्या नाल्यावरून अख्ख्या वस्तीला कळायचं. शेवटी फुलशेतीवाल्यांनी तक्रार केली आणि नोटीस आली. पाणी शुद्ध करून कारखान्यातच परत वापरा, नाहीतर टाळं!

नानांनी मेम्ब्रेनचा प्लांट बसवला. रंगाचं पाणी पंपाने जोरात दाबायचं. मेम्ब्रेनच्या बारीक पडद्यातून नितळ पाणी पलीकडच्या टाकीत, रंग अलीकडेच. तपासणी व्हायच्या आधीच नानांनी साऱ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं की, पाणी इतकं स्वच्छ येतं की टाकी रिकामीच वाटते!

तपासणीला प्रदूषण खात्याच्या साधना मॅडम आल्या. चेहऱ्यावर हसू औषधालाही नाही. नानांनी त्यांना थेट शुद्ध पाण्याच्या टाकीपाशी नेलं, झोकात झाकण उचललं आणि हात तसाच वर राहिला. आत पाणी लालभडक!

नाना प्लांट सांभाळणाऱ्या भारतवर घसरले. सकाळी पाणी काचेसारखं होतं, असं तो आईची शपथ घेऊन सांगत होता. मग नानांनी मेम्ब्रेनवाल्या कंपनीला फोन लावला. पडद्यातून रंग येणं शक्यच नाही, असं तिकडून उत्तर आलं. त्यावर नानांनी त्या माणसाला कोर्टाची पायरी दाखवली, शिवाय त्याचं शिक्षणही काढलं.

मॅडमनी शांतपणे बाटली भरली आणि उजेडात धरली.

"नाना, तुमचा पडदा रंग सोडतो, हे एक वेळ समजू शकते. पण ही झेंडूची पाकळी कशी सोडली?"

चहाचा ट्रे घेऊन आलेल्या मालिनीबाई, म्हणजे नानांच्या सौभाग्यवती, मागून म्हणाल्या, "अहो, ती माझी."

झालं होतं असं की, टाकीत पहिलं पाणी आलेलं त्यांनी सकाळीच पाहिलं होतं. गोदावरीला नवं पाणी आलं की आपण हळदकुंकू वाहतो, मग घरच्या पाण्याला कोरडंच कसं ठेवायचं? हात आखडता न घेता त्यांनी झेंडूच्या पाकळ्या वाहिल्या आणि कुंकवाचा अख्खा करंडाच टाकीत रिकामा केला होता.

नानांच्या मनात आलं, कारखान्याला टाळं लागणार, आणि तेही बायकोच्या हातून! मॅडमनी मात्र खुर्ची मागवली आणि तेच लाल पाणी पुन्हा रंगाच्या टाकीत सोडायला सांगितलं. भारतने पंप सुरू केला. सगळ्यांचे डोळे नळीवर. नळी दोनदा खोकली आणि धार लागली. अगदी नितळ!

मॅडमनी लाल आणि नितळ अशा दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या.

"नुसतं स्वच्छ पाणी दाखवलं असतंत, तर नळाचं भरून ठेवलंय म्हणून मी परत गेले असते. आता खात्री पटली. परवानगी देते. फक्त पुढची पूजा रंगाच्या टाकीची करा."

गाडी फाटकाबाहेर पडताच नाना बायकोवर ओरडायला वळले. मालिनीबाई रिकामा करंडा पदराने पुसत होत्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "पूजेचं फळ इतक्या लगेच मिळालेलं तुम्ही कधी पाहिलंय का?"

नानांनी उघडलेलं तोंड चहाच्या कपाला लावलं.