दुसरी कुठाय?

भाईसाहेब मानकरांच्या घरात प्रत्येक वस्तू दोन होत्या. दोन छत्र्या, दोन चष्मे, दोन स्टोव्ह. दाराला दोन कुलपं आणि त्यांच्या किल्ल्यांचे दोन जुडगे, एक त्यांच्या कमरेला आणि दुसरा खालच्या वाण्याकडे. ‘तू गावी गेलास तर दुसरा कोण?’ असं विचारून त्यांनी त्या वाण्याला इतकं पिडलं होतं की त्याने गावी जाणंच सोडलं. तुम्ही त्यांच्याकडे साधी छत्री घेऊन गेलात तरी ते आधी तुमच्या हाताकडे बघत आणि ओरडत, “एकच? दुसरी कुठाय?”

ओरडत असं मी मुद्दाम लिहितोय, कारण हा माणूस कधी बोलतच नसे. ठाकूरद्वारच्या आमच्या गल्लीत सकाळी गिरणीच्या भोंग्याआधी भाईसाहेबांचा आवाज ऐकू यायचा. मला त्यांचा मनस्वी राग यायचा. आज ते नाहीत, तरी आठवले की आधी रागच येतो.

जात पाठारे प्रभू, घर पिढीजात स्वतःचं, नोकरी बंदरावरच्या कचेरीत आणि माणूस एकटा. बायको लढाईच्या सुमाराला वारली होती. आमच्या चाळीतल्या एका टवाळाने एकदा गणपतीच्या मांडवात विचारलं, “भाईसाहेब, तुमचं सगळं दुसरं तयार असतं, मग बायकोच तेवढी दुसरी का केली नाहीत?” भाईसाहेबांनी हातातला नारळ फेकून मारला. नेम चुकला, पण त्यानंतर तो विषय कोणी काढला नाही.

त्यांचा एक भाचा आगबोटीवर होता. त्याने फ्रान्सहून पाण्याखाली श्वास घ्यायची यंत्रं आणून दिली. पाठीवर हवेचा सिलिंडर बांधायचा, त्याची नळी दातांत धरायची आणि माशासारखं खाली जायचं. यंत्रं अर्थातच दोन होती. भाच्याने एकच आणलं असतं तर भाईसाहेबांनी त्याला जिना चढू दिला नसता. चौपाटीजवळच्या पोहण्याच्या तलावात त्यांनी दोन शागीर्द धरले. एक मी, दांडेकर, कचेरीत कारकून. दुसरा सखाराम जाधव. तो परळच्या चाळीत राहायचा, तिथल्याच एका हॉस्पिटलात एक्स-रे काढायचा आणि पोहण्यात मला दहा वेळा मागे टाकायचा. दिवाळीनंतर मालवणला जायचं, एका कोळ्याची होडी घ्यायची आणि मी नि जाधवने खडकांपाशी खोल बुडी मारायची, असा बेत ठरला.

आणि तिथून भांडणाला तोंड फुटलं. खोल पाण्यात हवा संपली तर काय?

यंत्राला राखीव हवेचा एक खटका होता. हवा कमी झाली की तो ओढायचा, म्हणजे वर येण्यापुरती मिळायची. मला तेवढं पुरे वाटलं. “पुरे?” भाईसाहेब किंचाळले. “दोरीत अडकून खटका आधीच ओढला गेला असेल तर? तुला कळणार कधी, मेल्यावर?” 

जाधवचं म्हणणं, “दोघं बरोबर असतो ना? एकाची संपली तर दुसऱ्याच्या नळीतून आळीपाळीने घ्यायची. दोन श्वास तू, दोन श्वास मी.”

“नाही!” भाईसाहेबांनी तलावाच्या कठड्यावर मूठ आपटली. “घाबरलेला माणूस नळी परत देत नाही. ज्याची त्याची नळी ज्याच्या त्याच्या तोंडात. प्रत्येकाबरोबर लहान सिलिंडर वेगळा, त्याची नळी वेगळी. एकाची नळी दुसऱ्याने तोंडात घालायची नाही!”

पहिलं वाक्य शहाणपणाचं होतं, हे मी आजही मान्य करतो. शेवटचं वाक्य म्हणताना मात्र त्यांचा आवाज वेगळा लागला. जाधवचा चेहरा मिटला.

त्याला कारण होतं. रविवारी सराव संपला की भाईसाहेब आम्हाला घरी नेत. स्वतःच्या हाताने बोंबलांचं भुजणं करीत, आग्रहाने वाढीत, वर “जेवताय की चिवडताय?” म्हणून शिव्या घालीत. पण स्वतः आमच्यात बसत नसत. खिडकीशी वेगळं टेबल, वेगळं ताट. चहाला आमच्यापुढे सोनेरी काठाचे चांगले कप यायचे. त्यांचा मात्र ठरलेला, टवका उडालेला, कानाला निळा दोरा बांधलेला. पहिल्याच रविवारी जाधवने चुकून तो कप उचलला आणि भाईसाहेबांनी झडप घालून त्याच्या हातातून हिसकला. चहा त्याच्या शर्टावर सांडला. “दुसरा घे! दिसत नाही? दुसरा घे!”

जाधवने दुसरा घेतला. जिना उतरताना मला म्हणाला, “धर्म बदलला रे आम्ही, बौद्ध झालो. कप कोणी बदलायचे?” मी भाईसाहेबांची बाजू घेतली नाही. घेण्यासारखी बाजू मला दिसलीच नाही.

ते दिवसच तापलेले होते. संध्याकाळी आम्ही दोघं शिवाजी पार्कच्या सभेला जायचो आणि घसा बसेपर्यंत ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ ओरडायचो. भाईसाहेबही यायचे, दोन ओले रुमाल घेऊन, एक अश्रुधुरासाठी आणि दुसरा पहिला वाळला तर. सभेतही ते आमच्यावरच भडकायचे. “झालाच पाहिजे, झालाच पाहिजे! आणि मुंबई नाही दिली तर? दुसरं काय करायचं ते ठरवलंय का तुमच्या पुढाऱ्यांनी?” आजूबाजूचे लोक त्यांना मारायला उठायचे आणि आम्ही त्यांना ओढून बाहेर काढायचो.

हरताळाच्या एका दिवशी कचेऱ्या बंद होत्या म्हणून सरावाला गेलो. लहान सिलिंडर भरायला दिलेले होते, ते काही आले नव्हते. मी काठावर होतो, माझ्या यंत्राला आपली वेगळी नळी जोडून भाईसाहेब आणि जाधव खाली. मला वरून स्वच्छ दिसत होतं. जाधवच्या यंत्रात काहीतरी बिघडलं. त्याने खटका ओढला, हवा येईना. त्याने गळ्याशी हात नेऊन खूण केली आणि भाईसाहेबांच्या नळीकडे हात पुढे केला.

भाईसाहेबांनी तोंड फिरवलं. दोन्ही हातांनी आपली नळी दाबून धरली आणि मागे सरकले. मग एकदम जाधवच्या पट्ट्याला धरून त्याला फरफटत वर आणलं.

जाधव कठड्याला धरून खोकत होता. पाणी ओकून झाल्यावर त्याने वर पाहिलं. “माझं उष्टं चालत नाही, हे सरळ सांगा ना भाईसाहेब. मरायला सोडलंत तरी चालेल, पण उष्टं नको!”

“वर आणला ना तुला?” भाईसाहेब म्हणाले. “जिवंत आहेस ना? मग?”

“तुमची यंत्रं तुम्हाला लखलाभ. मी येत नाही मालवणला.” तो कपडे उचलून ओल्या अंगानेच निघून गेला.

मग मी भाईसाहेबांना जे मनात येईल ते बोललो. तुमचे दोन चष्मे चुलीत घाला म्हणालो, सभेत कसल्या तोंडाने येता म्हणालो. त्या दिवशी पहिल्यांदा हा माणूस ओरडला नाही. त्यामुळे माझा संताप आणखीच वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या खोलीच्या दारात उभे. “कपडे कर. परळला जायचंय.”

“मी कशाला?”

“एकटा कसा जाऊ? दुसरा नको बरोबर?”

हॉस्पिटलात ते सरळ जाधवच्या पुढे जाऊन उभे राहिले आणि सगळी रांग दचकेल अशा आवाजात म्हणाले, “माझ्या छातीचा फोटो काढ.” जाधवने वर न बघता नाव लिहून घेतलं, फोटो काढला, मोठ्या डॉक्टरांकडे नेला. डॉक्टरांनी तो उजेडावर धरला. “क्षय होऊन गेलाय. जुना डाग आहे, केव्हाचा वाळलाय. आता तुमच्यापासून कोणाला काही होणार नाही. पण आमचा जाधव सांगतो, तुम्ही पाण्याखाली वगैरे जाता; ते आता बंद, बरं का.”

“खात्रीने सांगता?” भाईसाहेब डॉक्टरांवर गुरकावले. “तुमच्यावर दुसरा डॉक्टर कोण आहे इथे? त्याला बोलवा!”

दुसरा डॉक्टर आला. तोही तेच म्हणाला.

बाहेरच्या बाकावर भाईसाहेब बसले. जाधव उभाच होता. “मला खोकला होता,” भाईसाहेब भिंतीकडे बघत म्हणाले. “साधा समजलो. सकाळच्या चहातला शेवटचा घोट तिचा असायचा, माझ्या कपातला. लग्नापासूनची रीत. मी मिरजेच्या सॅनिटोरियममध्ये जाऊन बरा झालो. ती नाही झाली.” मग एकदम त्यांचा जुना आवाज चढला. “एक कप जास्तीचा नव्हता काय घरात, गाढवांनो? छप्पन्न होते! कपाटभर होते!”

  जाधवला आतून हाक आली आणि तो गेला. आम्ही दोघं ट्रामने परत आलो. वाटभर भाईसाहेबांनी कंडक्टरशी भांडण काढलं नाही, त्याची मला भीती वाटली.

रविवारी भाईसाहेबांनी भुजणं केलं होतं. कोणासाठी, ते सांगेनात. जाधव येईल असं मला वाटत नव्हतं, पण तो आला. कोपऱ्यात दोन लहान सिलिंडर भरून ठेवले होते, दोन्हींना नवी कोरी नळी. त्याने एक नळी हातात घेऊन निरखली.

“हे बरोबर न्यायचे,” तो म्हणाला. “तुमचं बरोबर आहे, खोल पाण्यात ज्याची त्याला वेगळी हवा हवीच. पण नळी आळीपाळीने घ्यायचा सरावही मी आणि दांडेकर करणार. आणि तुम्ही होडीत बसायचं.”

“होडीला दुसरं वल्हं असलं तरच बसेन!” भाईसाहेब म्हणाले.

चहा आला. सोनेरी काठाचे दोन कप आमच्यापुढे आणि खिडकीशी तो निळ्या दोऱ्याचा. भाईसाहेब त्यातला अर्धा पिऊन स्टोव्ह बंद करायला वळले. जाधव उठून त्या टेबलापाशी गेला.

“वेगळा कप मी लहानपणापासून बघत आलोय,” तो म्हणाला. “तो नेहमी पाहुण्याचा असतो, आणि फुटका असतो. इथे फुटका तुमचा, चांगले आमचे. काहीतरी उलटं आहे हे मला दिसत होतं. पण राग इतका जुना होता की विचारलं नाही.” आणि त्याने तो कप उचलून तोंडाला लावला.

“ए! दुसरा घे!” भाईसाहेब धावले. “दुसरा घे, गाढवा! ठेव तो! दुसरा घे म्हणतो ना!” त्यांनी त्याचं मनगट धरलं, पण कप हिसकला नाही. जाधवने त्यांच्याकडे बघत बघत शेवटच्या घोटापर्यंत चहा संपवला आणि रिकामा कप त्यांच्या हातात दिला.

भाईसाहेब कप घेऊन उभे राहिले.  खालच्या गल्लीतून कुठलीशी मिरवणूक घोषणा देत गेली, तिच्यावरही ते ओरडले नाहीत. मग इतक्या हळू की मला कान द्यावा लागला, त्यांनी विचारलं, “अजून देऊ थोडा?”

“द्या,” जाधव म्हणाला. “त्यातच द्या.”